म्हशीचा भूकंप

अयोध्याबाईला अख्ख्या शिवारात 'भूकंपबाई' म्हणतात. तोंडावर नाही बरं का, पाठीमागं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे? शिरूर अनंतपाळच्या बाजारात मेथीच्या एका जुडीवरून ती भाजीवालीशी भांडताना एकदा ऐकावं, मग कळतं. पण नाव पडलं ते पडलंच, आणि ते पडायला कारण झाली तिच्या रानाच्या कोपऱ्यातली खोली.

खोली कसली, चार माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढं सिमेंटचं खोपटं. रस्त्याला लागून, गावापासून हाकेच्या अंतरावर. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारी माणसं आली, चार ठिकाणी टिकाव मारून पाहिला, आणि याच कोपऱ्यात दोन हातांवर काळा पाषाण लागला म्हणून इथंच मुक्काम केला. पाषाणाला धरून खांब उभारला, खांबावर यंत्र ठेवलं, भोवती भिंती घातल्या. जमीन कणभर हलली तरी यंत्राला कळायचं, आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर पेन थरथरायचं. रोज सकाळी कागद बदलायचा, मागं तारीख आणि वेळ लिहायची, महिन्याचा गठ्ठा लातूरला पाठवायचा, एवढंच काम. अयोध्याबाई चौथी शिकलेली, अक्षर वळणदार. तिचे यजमान व्यंकटराव म्हणाले, "रान आपलं, मग तूच बघ की." व्यंकटराव जाऊन आता पाच वर्षं झाली, पण ती अजून बघतेच आहे.

ती हे काम का करायची हे गावाला ठाऊक होतं. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. सहा वर्षांची सिंधु, तिची थोरली लेक, गणपतीला आजोळी गेली होती. त्या भूकंपात आजोळचं घर बसलं आणि सिंधु त्यातच गेली. धाकटा बालाजी जन्मला तो त्यानंतर दोन वर्षांनी. घरात सिंधुचा एकच फोटो आहे, जत्रेत काढलेला, तिच्या हातात भिंगरी. त्याच्याबद्दल अयोध्याबाई फारसं बोलत नाही, आणि बालाजीनंही कधी विचारलं नाही.

पण मी नाव कसं पडलं ते सांगत होतो. पहिल्याच वर्षाची गोष्ट. रोज सकाळी दहाच्या सुमाराला पेन थरथरायला लागलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग आठ दिवस! बाई धावत पोस्टात गेली, फोन लावला आणि ओरडली, "सायेब, हितं रोज दहाला भूकंप व्हायलाय!" दुसऱ्या दिवशी लातूरहून जीप आली. जीपमधून राजशेखर उतरला, उदगीरकडचा, नोकरीला लागून वर्षही न झालेला पोरगा. खोलीत घड्याळ धरून बसला. दहा वाजले, पेन हललं, आणि बाहेर जमलेल्या बायाबापड्यांनी देवाचा धावा सुरू केला. राजशेखर बाहेर पळाला, खोलीला वळसा घातला, आणि पाहतो तो काय, व्यंकटरावांची म्हैस! डोळे मिटून, मान वर करून, खोलीच्या भिंतीला पाठ घासत उभी. धार काढून झाली की व्यंकटराव तिला तिथं आणून सोडायचे, आणि बाईसाहेब मनसोक्त खाज भागवून घ्यायच्या.

गाव हसून हसून लोळलं. व्यंकटराव दोन दिवस पारावर गेले नाहीत. राजशेखर मात्र हसला नाही. त्यानं कागदाच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं, 'दहा वाजता, म्हैस,' आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही चुकला न्हाईत. आपला आवाज कुठला हे आधी कळल्याबिगर जमिनीचा कुठला ते कळत न्हाई. असंच लिहीत जावा."

मग काय विचारता! बाईनं जे लिहायला सुरुवात केली. 'सात वाजता, पिठाची गिरणी.' 'साडेअकरा, गुरुलिंगाची बैलगाडी, भरलेली.' 'दुपारी लग्नाची वरात, लई नाचले.' लातूरच्या कार्यालयात म्हणे तिचे कागद यायची वाट पाहायचे, कामासाठी कमी आणि वाचण्यासाठी जास्त. आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येचा, म्हणजे आमच्या येळवशीचा कागद आला, तेव्हा तो टेबलाटेबलावर फिरला. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. गिरणी बंद, गाड्या बंद, सगळं गाव लांबलांबच्या रानात कडब्याच्या खोपीपाशी जेवत बसलेलं. कागदावर एकच सरळ रेघ होती. मागं लिहिलं होतं, 'आज येळवस. कुणी न्हाई.'

पुढं कागद गेला, नळकांडं गेलं. बंद डब्यातलं नवीन यंत्र आलं, छपरावर सौर तक्ता आला, आणि नोंदी आपोआप जायला लागल्या. बाईचं काम उरलं ते तक्ता पुसायचं आणि भोवतीचं गवत काढायचं. ते ती देवघर पुसावं इतक्या मनानं करते.

आता मूळ भानगडीकडे येऊ. गेल्या दिवाळीनंतर कार्यालयाचं पत्र आलं. जागेचा करार संपलाय, पुढं चालू ठेवायचा की यंत्र हलवायचं, जमीनमालकानं सहीनिशी कळवावं. जमीन आता अयोध्याबाईच्या नावावर. बालाजीनं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी उत्तर लिहून आणलं, 'यंत्र काढून न्यावे.' फक्त मायची सही राहिली होती.

बालाजी वाईट पोरगा नाही हो. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. त्याच्या मनात त्या कोपऱ्यात दूध संकलनाचं केंद्र टाकायचं होतं. गावच्या बायका थंडीवाऱ्यात किटल्या घेऊन तीन किलोमीटर चालत जातात, त्यांची सोय होईल, आपलंही भागेल. रस्त्याला लागून दुसरी जागा त्याला दिसत नव्हती.

"माय, तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "त्यानं एकदा तरी आधी सांगितलं का, उद्या जमीन हलणार हाय म्हणून?"

"न्हाई."

"मग? म्हशीची खाज मोजायला ठेवायचं का त्याला? अन् हितलं कमी पडलं म्हणून असलंच एक चंद्रावर नेऊन ठेवलंय म्हणं. शाळेत पावसाळ्यात पोरांच्या डोक्यावर पाणी गळतंय, दवाखान्यात सिस्टर न्हाई, अन् हे चंद्राला भूकंप होतो का बघून राहिले! कुणाच्या जिवावर? आपल्याच ना?"

अयोध्याबाईचं तोंड बांधलेलं होतं. आदल्या वर्षी ऑगस्टात यान चंद्रावर उतरलं, तेव्हा ग्रामपंचायतीतल्या टीव्हीपुढं पेढे वाटले होते. पेढा तोंडात टाकून हीच बाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "लातूरची यष्टी येळेवर येत न्हाई, अन् हे चालले चंद्रावर!" सगळे हसले होते. आता कुठल्या तोंडानं बोलणार? पण खोली जाणार म्हटल्यावर तिचा घास गोड लागेना. ती एवढंच म्हणाली, "येळवस होऊ दे बाबा. मग सही करते."

येळवस आली. पहाटेपासून चूल पेटलेली, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीच्या पातेल्याला उकळी फुटलेली, बाजरीचे उंडे झाले, खीर झाली. सूनबाई पुनम आंबिलीनं भरलेली बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं, अयोध्याबाई टोपलं घेऊन मागं. रानात ज्वारी डोक्याला लागत होती. बालाजीनं आदल्या दिवशीच कडब्याची खोप घातली होती, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडले होते. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त एक गोष्ट पाहून बाई जागच्या जागी थबकली. बालाजीनं म्हैस आणून बांधली होती ती नेमकी खोलीला. भिंतीपाशीच मेख ठोकली होती, आणि त्या जुन्या म्हशीची पणती शोभेल अशी ही म्हैस आपली भिंतीला पाठ घासत उभी होती.

तीस वर्षांत येळवशीला त्या भिंतीजवळ बाईनं कोंबडीसुद्धा फिरकू दिली नव्हती. तिला फार लागलं ते. पण सणाच्या दिवशी पोराशी काय भांडायचं, म्हणून तिनं टोपलं खोपीत नेऊन उतरवलं.

अकराच्या सुमाराला राजशेखर आला. आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो, केस पांढरे झालेत, पण येळवशीला बस धरून येणं त्यानं चुकवलेलं नाही. येळवशीला वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवू घालतात, हा तर तीस वर्षांचा घरचा. येता येता त्यानं म्हैस पाहिली, बालाजीकडं पाहिलं, आणि पाय धुऊन पंगतीला बसला.

भज्जी वाढून झाली तसं बालाजीनं तोंड उघडलं. "काका, राग मानू नका. सही आज घ्यायचीय. तुमच्यादेखत सांगतो, म्हंजी पाठीमागं केलं असं व्हायला नको."

"राग कशाचा? रान तुमचं."

"एकच विचारतो. हे यंत्र कधीतरी आधी सांगणार हाय का?"

राजशेखरनं घास खाली ठेवला. "न्हाई. माझ्या हयातीत तरी न्हाई. अक्कांना मी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं."

"मग कशाला ठेवायचं?"

उत्तर आलं ते पुनमकडून, आणि तेही पदराआडून नाही, चांगलं ठणठणीत. तिचं माहेर नांदेडजवळचं मुदखेड. "मार्चात नांदेड-हिंगोलीकडं जमीन हलली, तवा माझी आई रस्त्यावर बसली हुती, इसरलात का? मोबाईलवर फिरत हुतं की दहा वाजता मोठा येणार. सारी गल्ली लेकरं घिऊन बाहेर. आत्याबाईनं काकांना फोन लावला. काकांनी सांगितलं, कुठं झाला, केवढा झाला, अन् दहाची येळ कुणालाच ठाव नसती म्हणून. तवा माझी आई घरात गेली. ते कुणी सांगितलं? असल्याच यंत्रांनी ना?"

बालाजीनं हात वर केले. "बरं बाई. हितल्याचं मानतो. पण चंद्राचं काय? तिथं कुणाची आई रस्त्यावर बसलीय?"

आता राजशेखर जरा हसला. "बालाजी, किल्लारीच्या आधी आम्हाला काय शिकवलं होतं ठाव हाय का? दख्खनचा हा दगड जुना, थंड, हलायचा न्हाई. भूकंप म्हंजी हिमालयात. आम्ही या जमिनीला मेलेली समजत होतो. चंद्राचंबी तसंच. मेलेला धोंडा म्हणायचे, अन् तोबी हलतो. आता एकाच रोग्यावर डॉक्टर किती शिकंल? दुसरा बघितला तर पहिल्याचं कळतं. त्यातनं आपल्या कामाचं कधी काय निघंल, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. कदाचित काहीच न्हाई."

"मग आधी शाळंचं छप्पर करा की!"

"करायलाच पायजे. न्हाई केलं याचा मलाबी संताप येतो. पण खरं सांग, चंद्रावर गेलो नसतो, तर छप्पर झालं असतं का?"

बालाजी गावच्या पुढाऱ्यांना ओळखून होता. त्याला हसू आवरलं नाही. "न्हाई. तेबी खरंच."

अयोध्याबाईनं विचारलं, "सायेब, तिथं तर कुणीच राहत न्हाई. मग ऐकू काय येतं?"

"तेच तर, अक्का. माणूस न्हाई, गिरणी न्हाई, वारासुद्धा न्हाई. तिथं रोजच येळवस." राजशेखरनं आंबिलीचा घोट घेतला. "अन् सांगू का? यंत्रानं तिथं कान लावला, तर आधी काय नोंदलं गेलं? शेजारी आपलीच छोटी गाडी फिरत होती, तिचीच घरघर. आपलं काय, हे आधी ओळखावं लागलं. मग एक थरथर अशी सापडली की ती आपली कुणाचीच वाटंना."

"अगं बाई!" अयोध्याबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजी त्यांचीबी म्हैसच की!"

सगळे खो खो हसले. पुनमला ठसका लागला. बालाजीही हसला, आणि हसता हसता त्याची नजर म्हैस बांधली होती त्या बाजूला गेली, तशी त्यानं मान खाली घातली. हसू ओसरलं. अयोध्याबाईनं डोळे पुसले, पण ते पुसून होईनात. पुनम दचकली. "आत्याबाई, काय झालं?"

"मी ऐकलं हुतं," अयोध्याबाई म्हणाली.

ती बालाजीकडं पाहून बोलायला लागली. "त्या साली पंचमीला मी माहेरी गेल्ते. दुपारी एकटीच जात्यापाशी बसले हुते. उतरंडीतली गाडगी वाजायला लागली. मी जमिनीला कान लावला. आत गुरगुरत हुतं रे. माझ्या बापाला म्हणाले, हे काय? बाप म्हणाला, वरीसभर असंच हाय पोरी, कुणाला सांगावं? कुणी म्हणतं सुरुंग लावतात, कुणी म्हणतं पाणी फिरतंय. मीबी म्हणाले, आसंल. अन् हसून सोडून दिलं. गणपतीला सिंधु आजोळी जायचं म्हणून रडायला लागली, तर मीच तिला नेऊन सोडलं. ह्या कानानं ऐकलं हुतं, बालाजी. अन् तरी मीच नेऊन सोडलं."

बालाजीच्या हातातला उंडा तसाच राहिला.

"तुझ्या बापाला न्हाई सांगितलं मी हे. कुणालाच न्हाई. सांगून तवाबी काय व्हनार हुतं, देव जाणे. पण सांगायला कुणी नव्हतं, त्याचंच लई लागलं मला. जमीन वरीसभर बोलत हुती, अन् लिहून घ्यायला हितं एक माणूस नव्हतं. दुसऱ्या साली ही पोरं आली अन् म्हणाली, अक्का, जमीन काय बोलती ते आम्ही लिहून घेणार. मी ह्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले. हे यंत्र आधी सांगत न्हाई, मला ठाव हाय. पण मी रोज सकाळी कागद बदलायची, तवा मला वाटायचं, आता ऐकाया कुणीतरी हाय. तेवढ्यावर मी जगले रे. तू झालास, तुला वाढवला, घर केलं. ह्या माणसांचे उपकार हायेत माझ्यावर." तिनं नाक पुसलं, आणि आवाज एकदम पहिल्यासारखा खणखणीत केला. "अन् मी पेढा खाऊन काय बोलले ते माझ्यापाशीच ठेवा! यष्टी येळेवर यायलाच पायजे. त्यासाठी मी भांडंल. पण जिथं कुणी राहत न्हाई तिथं जाऊन कुणी कान लावत असलं, तर लावू द्या बाबा. खर्चाचं तुम्ही बघा. मी न्हाई म्हणणार न्हाई."

बालाजी उठला. हातही धुतला नाही, तसाच ज्वारीतून चालायला लागला. अयोध्याबाईला वाटलं, झालं, पोरगं दुखावलं. सणासुदीला आपण हे काय काढून बसलो, म्हणून ती स्वतःलाच बोल लावायला लागली. राजशेखर म्हणाला, "अक्का, जाऊ द्या, येईल." पुनम टाचा उंचावून पाहत होती, पण ज्वारी उंच, काही दिसेना.

थोड्या वेळानं तो आला, हातात मेख आणि हाताला माती. मेख त्यानं खोपीच्या दाराशी टाकली.

"काका, किती वाजले?"

राजशेखरनं घड्याळ पाहिलं. "सव्वा वाजलाय."

"लिहून ठेवा मग. म्हैस लिंबाखाली नेऊन बांधलीय. गाव सारं रानात हाय. इथनं पुढं जे काय वाजंल, ते आपलं न्हाई, जमिनीचं हाय." मग तो मायकडं वळला. "डेअरीला शाळंमागची जागा बघू. पंचायतीला विचारतो. अन् तिथं गेलोच, तर छपराचंबी भांडून येतो."

अयोध्याबाई रडली, चांगली पोटभर रडली, आणि मग पदर खोचून आंबिलीची बिंदगी पुढं ओढली.

"आधी हात धू," ती म्हणाली. "मातीचे हात घिऊन जेवायला बसतोस व्हय रे?"